वहीतला डोंगर

मागच्या उन्हाळ्यात घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर एक डच बाई आठवडाभर राहायला आली. कांदा कसा साठवतात ते तिला बघायचं होतं. रोज ती आमच्या कांदाचाळीची लांबी-रुंदी मोजायची, फळ्यांच्या फटींत बोट घालायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मी चहा घेऊन गेले की वही मिटायची.

सासऱ्यांना ते खटकलं. "आपल्या चाळीचं हिला एवढं काय पडलंय? जमिनीचं कायतरी हाय. ध्यान ठेव तू."

मी ठेवलं. एका सकाळी ती अंघोळीला गेल्यावर वही उघडली. चाळीचं चित्र आणि खाली ठळक, लांबलचक शब्द. त्याची पहिली चारच अक्षरं नीट लागली, ती मोबाईलवर टाकली. अर्थ आला : डोंगर.

आमच्या माळाच्या टोकाला टेकडी आहे. मुरमासाठी तिच्यावर कितीजणांचा डोळा. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, मी म्हन्लं न्हवतं? दडव ती वही."

मी ती बाजरीच्या कोठीत दडवली.

बाईनं दिवसभर शोधाशोध केली. गादीसुद्धा उलटी केली. संध्याकाळी तिचे डोळे भरलेले पाहून मला राहवेना. मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आमच्या डोंगराचं काय लिहिलंय तुम्ही?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. वही कुणी घेतली ते तिला त्याच क्षणी कळलं असावं. शांतपणे म्हणाली, "तो शब्द बेर्खप्लात्स. डोंगरालाही आम्ही बेर्ख म्हणतो, पण हा त्यातला नाही. हा 'बेर्खन'मधला. म्हणजे जपून ठेवणं. पूर्वी लपवणं असाही अर्थ होता. प्लात्स म्हणजे जागा, ते फ्रेंचांकडून आलं. दोन्ही जोडून साठवायची जागा. तुमची चाळ."

मी खाली मान घालून कोठी उघडली.

सासरे मात्र अडून बसले. "शब्दाचं असंल खरं. पन मोजमाप कशाला?"

मी ते तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना चाळीच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथल्या फटी उसाच्या पाचटानं बुजल्या होत्या; वारा कुठे पोचत नाही, तेच ती मोजत होती. सासऱ्यांनी हात घातला तर कांदे पिचपिचीत, वास सुटलेला. दुपारपर्यंत सगळं पाचट त्यांनी स्वतः उपसून काढलं.

पुढचे दोन दिवस बाई हसून बोलली, माझ्या हातची भाकरी खाल्ली. पण तिच्या बॅगेला आता छोटं कुलूप होतं. मी ते रोज बघत होते.