टोपातली माय

न्यूमोनियानं माय बुलढाण्याच्या एका दवाखान्यात, आयसीयूत होती. नाकातोंडावरचा मास्क तिला सोसेना, म्हणून डॉक्टरांनी डोक्यावर पारदर्शक टोप चढवला. गळ्याशी घट्ट रबर, काखेतून पट्टे, आत जोराची हवा. मी टोपाला तोंड लावून म्हटलं, "बरणीतलं लोणचं दिसून राह्यली वं माय!" ती आतून हसली. मला मात्र धड हसू येईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज दिवसभर टोप टिकला तर ठीक, नाहीतर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवावं लागेल.

सकाळ निभली. दुपारी जानेफळहून मोठे बाबा आले, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मायचे भासरे. आमच्यात भासऱ्यासमोर बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि सरळ बोलायचं नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून या दोघांचं सगळं बोलणं माझ्या नाहीतर बाबांच्या तोंडून. "तिले विचार, चहा टाकते का?" "त्याईले सांग, टाकला." लहानपणापासून मला या निरोप्याच्या कामाचा भारी वैताग!

त्यांना पाहून माय गडबडली. दवाखान्याच्या झग्याला पदर कुठला? तिनं चादर ओढली, ती टोपावरून घसरली. मग टोपच काढून डोकं झाकायला बाईसाहेबांनी थेट काखेतले पट्टे सोडायला घेतले. मी हात धरला, ओरडले, "अवं माय, जीव जाईन ना!" पण आतल्या हवेच्या घोंगाटात तिला काय ऐकू येणार? मशीन बोंबलायला लागलं, नर्स धावली. मी मोठ्या बाबांवरच खेकसले, "तुम्ही बाहेर व्हा ना जी!"

ते गेले नाहीत. पलंगापाशी आले आणि हळूच म्हणाले, "राहू दे." तिला ऐकू गेलं नाही. तेव्हा त्या भिडस्त माणसानं सगळ्या आयसीयूला ऐकू जाईल असा आवाज काढला, "बाई, पदर नाई पाह्यजे मले! तू पाह्यजे!"

मायचे हात खाली आले. त्यांच्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "हाव जी."

नर्सनं पट्टे आवळले. मोठे बाबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता नळीची गरज नाही. मी तिथंच ढसाढसा रडायला लागले, तोंडातून शब्द फुटेना. ती बातमी आत जाऊन मायला ओरडून सांगितली मोठ्या बाबांनी.