रुखमाबाईची उलट्या पिसांची जात

रुखमाबाईच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. मला मात्र रोज लागावंच लागतं. माझं किराणा दुकान बरोबर तिच्या आणि राधाबाईच्या घरांच्या मधोमध आहे, त्यामुळे दोघींची भांडणं माझ्या बरण्यांवरून ये-जा करतात.

रुखमाबाईचा जीव तिच्या कोंबड्यांत. साध्या नव्हेत, उलट्या पिसांच्या. शेपटीकडून मानेकडे कोणी हात फिरवावा, तसं एकेक पीस वर वळलेलं. लग्नात तिच्या आईने टोपलीत घालून जी जोडी दिली, तिची ही सगळी पिलावळ. मागच्या उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि बघता बघता अंगण ओस पडलं. उरली एक काळी कोंबडी आणि एक कोंबडा. माघात तो कोंबडाही रानमांजराने नेला. त्या सुमारास काळीने दिलेली नऊ अंडी तेवढी कामाची. पुढची सगळी नुसती खायची, कारण बापच राहिला नव्हता. या नऊ अंड्यांतून निदान एक कोंबडा निघाला तर जात टिकणार, नाहीतर संपली. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण तिने अख्ख्या गावाला ते सांगितलं होतं.

काळी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायचा हट्ट धरून बसली, तशी रुखमाबाईने कोठीत टोपली मांडली. खाली भाताचं तणस, वर नऊ अंडी, बाजूला विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून विळ्याचा तुकडा. आणि मग हात जोडून बाजूला झाली. कोंबडीच्या कामात माणसाने नाक खुपसू नये, हा तिचा धर्म.

राधाबाईचा धर्म याच्या नेमका उलटा. ती विणकरांच्या घरची. माहेरी मागावर तुटलेला रेशमाचा धागा सांधण्यात तिचं बालपण गेलं, त्यामुळे बोटं कधी रिकामी राहत नाहीत. आतल्या पिल्लाने अंड्याला टोचा मारला रे मारला की ही टरफल सोलायला बसणार. असं करताना मागे तिची तीन पिल्लं रक्त जाऊन मेली. तेव्हा रुखमाबाई माझ्या दुकानासमोर उभी राहून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली होती, "तुया हाताले खाज हाय, म्हनून मरते पिल्लं!" त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या. बोलायचंच झालं तर "भाऊ, तिले सांगा" असं माझ्यामार्फत. मी काय सांगायचो आणि काय गाळायचो ते माझं मलाच माहीत.

होळीला रुखमाबाईचा नवरा धनीराम तुमसरहून घरी आला. राइस मिलमध्ये हंगामभर पोती वाहतो तो; कोंबडी अंड्यांवर बसवलीय याची त्याला गंधवार्ता नव्हती. सकाळी रुखमाबाई मोहफुलं वेचायला जंगलात गेलेली. काळी दाणे टिपायला कोठीतून बाहेर आली, अंग फुगवून, कुरकुरत. धनीरामने ओळखलं, ही खुडूक. बायकोला अंडी मिळत नसतील, बिचारी. आता खुडूक मोडायचा आमच्याकडे ठरलेला इलाज आहे: कोंबडी पाण्यात बुचकळायची, नाकपुडीतून पीस ओवायचं आणि पायाला दोरी बांधून उन्हात ठेवायची. धनीरामने तिन्ही केलं, मन लावून केलं, आणि बिडी घ्यायला माझ्याकडे आला.

"रुखमाचं एक काम करून टाकलं, भाऊ," तो खुशीत म्हणाला.

कोणतं काम ते ऐकलं आणि माझ्या हातातली साखर तागडीबाहेर सांडली. "अरे, नऊ अंडी हायेत तिच्या खाली!" मी ओरडलो. धनीराम पळत सुटला. त्याने दोरी सोडली, पीस काढलं, हातापाया पडून काळीला टोपलीत बसवलं. पण तिचं मन उडालं ते उडालंच. ती उडी मारून बाहेर आली आणि उकिरडा उकरू लागली.

रुखमाबाई परतली आणि धनीरामने घडलं ते सांगितलं. आम्ही सगळे शिव्यांची वाट बघत होतो. ती थेट चुलीकडे वळली. तिने परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक अंडं अलगद सोडलं. पाणी स्थिर झालं. मग एक अंडं आपोआप हललं. दुसरं हललं. नऊपैकी आठ हलली. एक तेवढं मुकाट राहिलं.

"जिते हायेत," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंसुद्धा नाही. अंडी कोरडी करून चुलीजवळच्या कोमट कोंड्यात पुरली आणि सरळ राधाबाईच्या दारात गेली. गावात त्या वेळी खुडूक कोंबडी एकच होती, राधाबाईची भुरी, रिकाम्या टोपलीत हटून बसलेली.

"भाऊले सोबत नाही आनलं?" राधाबाईने टोमणा मारलाच.

"तुयी भुरी पायजे मले. माह्या मायची जात चालली, राधा."

राधाबाईचा चेहरा बदलला. पण ती राधाबाई. "देतो. पन रीत ते रीत. पिल्लं अर्धी माही."

आमच्याकडे रीतच आहे तशी: अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, तर पिल्लं निम्मी-निम्मी. रुखमाबाईला ते कडू घोटासारखं गेलं. "घे. पन अंड्याले बोट लावाचं नाही. फुटाच्या दिवशी मी इथं येऊन बसीन."

"बस ना. चहा बी पाजतो."

दिवे लागल्यावर अंधारात भुरीखाली अंडी सरकवली. तिने चोचीने एकेक पोटाखाली ओढून घेतलं, जणू तिचीच.

फुटायच्या दिवशी राधाबाईच्या पडवीत निम्मं गाव जमलं. दुकान उघडं टाकून मीही गेलो. धनीरामला आत यायची बंदी होती. तो रस्त्यावर उकिडवा बसला होता. दुपारपर्यंत सात पिल्लं बाहेर पडली. आठव्या अंड्याला सकाळीच टोचा पडला होता, पण पुढे काही होईना. आतून चिवचिव येई, थांबे, परत येई.

राधाबाईची बोटं वळवळायला लागली. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "अवो, मरन ना ते!"

"नाही मरत. आतली साल पांढरी, ओली हाय. रक्त अजून तिच्यात हाय, ते आत ओढून घेऊन राहिलं पिल्लू. आता सोललं तं रक्त जाईन." रुखमाबाई अंड्यावरून नजर हलवत नव्हती. बाया कुजबुजल्या, ही बाई दगडाची आहे. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग भुरी उठली. सात पिल्लांना घेऊन दाण्याकडे चालू लागली, आणि ते अंडं उघडं पडलं. चिवचिव बारीक होत थांबली. रुखमाबाईने अंडं उचलून उजेडात धरलं. टोच्याभोवतीची साल वाळून तपकिरी झाली होती, आत चिकटून बसली होती. थेंबभर रक्त कुठे नव्हतं.

"आता," ती म्हणाली. "आता नाही काढलं तं मरते." तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. आयुष्यभर भाताची रोवणी केलेली ती बोटं जाड, भेगाळलेली. तिने अंडं राधाबाईपुढे धरलं. "माह्याच्यानं नाही होत. तू काढ."

राधाबाईने ओल्या फडक्याने साल भिजवली आणि रेशमाचा धागा सोडवावा तसं टरफल कण-कण उचललं. चोच मोकळी झाली. मान मोकळी झाली. बोटं पुढे जाणार तोच रुखमाबाई म्हणाली, "बस! थांब. आता त्याचं त्याले करू दे."

आणि राधाबाई थांबली. जन्मात पहिल्यांदा थांबली. पिल्लाने दोन झटके दिले, पाय ताणले आणि उरलेलं टरफल लाथाडून फडक्यावर येऊन पडलं. ओलं, काळं, कुरूप आणि पूर्ण जिवंत. बायांनी कल्लोळ केला. रस्त्यावर धनीराम हमसून हमसून रडायला लागला, तेव्हा कुठे रुखमाबाईने त्याला हाक मारली, "या आता आत, चहा प्या."

चार पिल्लं रुखमाबाईकडे आली, चार राधाबाईकडे राहिली. ती चार सोडून येताना रुखमाबाईने किती वेळा मागे वळून पाहिलं, ते मी दुकानातून बघत होतो. वाईट वाटलं मला. थोड्याच दिवसांत पिसं फुटली आणि ती वर वळायला लागली, तेव्हा दोन्ही अंगणांतून माझ्याकडे बातमी आली. पण कोंबडा आहे की नाही, हे आरवल्याशिवाय कोण सांगणार? रुखमाबाई रोज एकेकाचा तुरा धास्तावून बघायची.

रोवणी आटोपत आली होती. एका सकाळी मी दुकानाची फळी काढत होतो आणि रुखमाबाईच्या कुंपणावरून आवाज आला. चिरका, फुटका, अर्ध्यावर तुटलेला. पण कोंबड्याचा. ती हातातला खराटा घेऊनच रस्त्यावर धावली. "राधा! ऐकलं का वो? आरवला!"

राधाबाई दारात आली. ती काही बोलणार, तेवढ्यात तिच्याच छपरावरून दुसरा आरवला. इकडच्याने परत उत्तर दिलं. तिकडच्याने त्याच्यावर आवाज चढवला.

रुखमाबाई दोघांच्या मधे, माझ्या दुकानासमोर उभी होती. निम्मी पिल्लं गेल्याचं दुःख तिच्या तोंडावरून तिथल्या तिथे पुसलं गेलेलं मी पाहिलं. "दोन घरी झाली वो!" खराटा वर करून ती ओरडली. "आता मानमोडी येवो का रानमांजर, एका घरची गेली तं दुसऱ्या घरी राहीन. माह्या मायची जात नाही मरत आता!"

"आपली म्हन," राधाबाई म्हणाली.

"आपली," रुखमाबाई म्हणाली.