उजव्या हाताचा इशारा

शिवपुत्र आमच्या कंपनीत खलाशी होता. क्रेननं उचलायच्या मालाला पट्टा बांधायचा आणि खाली उभं राहून चालकाला हातानं इशारे करायचे, हे त्याचं काम. गाव अक्कलकोट तालुक्यात. बायको बसम्मा तिकडे शेत सांभाळी. हा चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याच्या खोलीत एकटा राही. बोलणं मोजकंच. क्रेनचालक इंद्रजीतशी मात्र त्याचं चांगलं जमलेलं.

इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. बोट वर करून फिरवलं की उचल, तळवा खाली दाबला की उतरव, मूठ आवळली की थांब. इंद्रजीतची नजर त्या हातावरून हलत नसे. दुपारी दोघं एका डब्यात जेवत.

"अण्णा, वहिनींनाबी असंच बोटावर नाचवता व्हय?"

"तिच्यापुढं कुटलं बोट! हितं तू हायस म्हणून जमतंय."

मागच्या उन्हाळ्यात शेडसाठी लोखंडी तुळई उचलायची होती. पट्टा ताणला जाईपर्यंत सैल राहतो, सरकतो. म्हणून शिवपुत्रनं तो डाव्या हातानं धरून ठेवला आणि उजव्या हातानं 'उचल' सांगितलं. धरू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळेच धरत. पट्टा आवळला. बोटं लोखंड आणि पट्ट्याच्या मध्ये सापडली. तो ओरडला, पण केबिनपर्यंत आवाज पोचला नाही. उजव्या हाताची मूठ आवळायचं त्याला सुचलंच नाही. बोट वर फिरत राहिलं. इंद्रजीत ते बोट बघत उचलत राहिला.

डाव्या हाताची चार बोटं गेली. दवाखान्यात इंद्रजीतनंच त्याला पोचवलं. त्यानंतर तो एकदाही भेटायला गेला नाही.

जखम भरल्यावर शिवपुत्र गावी थांबला नाही. उजव्या हातानं जेवता येत असूनही बसम्मा घास कालवून ताटात ठेवी, ते त्याला सोसेना. आमचे इंजिनिअर महेश्वर साहेब त्याला म्हणाले, "पट्टा दुसरा कोणी बांधेल. तू इशारे कर. उजवा हात शाबूत आहे ना?"

"हाय की, साहेब!" इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. डावा हात खिशात. मी ऑफिसच्या दारातून बघत होतो. दुसऱ्या खलाशानं पट्टा बांधला, बाजूला झाला. शिवपुत्रनं बोट वर करून फिरवलं. हूक जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा फिरवलं.

इंजिन बंद झालं. इंद्रजीत खाली उतरला.

"अण्णा, मला जमंना."

"तुजी काय चूक न्हाय. मीच 'उचल' म्हणलं."

"तेच तर. तुमचं बोट फिरलं की माझा हात लिव्हरवर गार पडतो. दुसरा कुनीबी उभा करा, मी उचलतो."

महेश्वर साहेब वैतागले. "मग तू कुर्डुवाडीच्या साइटवर जा. इथं दुसरा चालक आणतो."

शिवपुत्रनं त्यांना थांबवलं. "नगं साहेब. त्याला हितंच ऱ्हाऊ द्या. मला गेटवर बसवा."

इंद्रजीत डोक्यावरचं हेल्मेट काढून उभा राहिला. थोड्या वेळानं पुन्हा केबिनमध्ये चढला.

आता शिवपुत्र गेटवर असतो. इंद्रजीत डबा केबिनमध्येच उघडतो. परवा क्रेन दुसऱ्या प्लॉटवर न्यायची होती. पुढं निघालेला लांब दांडा, अरुंद गेट; वळताना कुणीतरी वाट दाखवावी लागते. शिवपुत्रनं गेट उघडलं, समोर जाऊन उभा राहिला आणि उजवा हात वर केला.

इंद्रजीतनं मान दुसऱ्या बाजूनं बाहेर काढली. चाकाकडं बघत, आपल्याच अंदाजानं त्यानं क्रेन हळूहळू बाहेर काढली. खांबाला जराही लागू दिली नाही.

क्रेन रस्त्याला लागेपर्यंत शिवपुत्रचा हात तसाच वर होता. मग त्यानं गेट लावून घेतलं.