माळाला पडीक कोण म्हणतं?

गावकऱ्यांनो, चावडीच्या फळ्यावर आज माझंबी वाचा. मी सांगते, सूनबाई लिहिते. चुकलं तर तिचं, बरोबर आलं तर माझं.

सकाळी शेरडं घेऊन गेले, तर जंगलखात्याचे साहेब दोन राखीव माळांमधल्या गवताच्या पट्ट्यावर फक्कीनं खड्डे आखत होते. "आजी, पडीक जमीन आहे. झाडं लावतोय."

"पडीक? बसा की जरा."

थोड्या वेळानं माळढोकाची मादी पिलाला घेऊन त्याच गवतातून चालत पलीकडच्या माळावर गेली.

म्हटलं, "पिलाला अजून उडता येत न्हाय, साहेब. दोन्ही अंगाला ऊस झाला, एवढीच वाट उरली. झाडीत कोल्हा लपला तर आईला दिसायचा न्हाय, मग ती पाऊल टाकंल व्हय? तुमच्या दारात बाभळ लावली तर तुमी घरात कुटनं जाल?"

साहेब हसले. कागदावरचं 'पडीक' खोडून 'पाखरांची वाट' लिहिलं म्हणाले. 'म्हातारी खुळी' लिहिलं असलं तरी मला काय कळतंय! पण फक्कीच्या खुणा त्यांनी माझ्यादेखत पायानं पुसल्या. ते वाचायला अक्षर लागत न्हाय.

आता तुमी सांगा, तुमच्या शिवारात पडीक म्हणून काय लिहून ठेवलंय, आणि तितनं कोण चालतं?