खराट्याने पेरलेलं शेवाळ

पाण्याचा पाइप बदलायला आमच्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरामागचं गार्डन खणलं, तेव्हा गवत गेलं ते गेलंच. उरली नुसती उघडी माती. हिवाळ्यात तिच्यावर शेवाळ धरलं. मला बाई ते बघवेना! अंगण कसं लख्ख हवं, म्हणून रोज सकाळी मी खराट्याने ते खरवडून झाडायची. झालं उलटंच. शेवाळाचा तुटलेला एवढासा तुकडासुद्धा ओल्या मातीवर पडला की तिथेच पुन्हा वाढतो, हे मला कुठं ठाऊक? माझ्याच हाताने मी ते कोपऱ्याकोपऱ्यात पेरलं. मार्चपर्यंत सगळीकडे हिरवी गादी. मग मात्र माझा जीव त्यात गुंतला.

मुलगा म्हणाला, "आई, शनिवारी माणसं येतायत. प्लास्टिकचं गवत टाकू. लो मेंटेनन्स."

"याहून लो मेंटेनन्स काय असतं रे? हे मी मारलं तरी वाढतंय!"

"अगं, नेबर्स काय म्हणतील?"

"म्हणू देत. चाळीस वर्षं म्हणतायत, मी गेले का कुठे?"

शनिवारी दोघं जण गवताची गुंडाळी घेऊन थेट गार्डनमध्ये आले. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "गुंडाळी परत न्या." मुलगा धुसफुसत राहिला, पण माझ्यापुढे कोण बोलणार! माणसं निघाली तेव्हा त्यांच्या बुटांना थोडं शेवाळ चिकटलेलं दिसलं. मी काही पुसून घ्या म्हटलं नाही.