जपानची गाडी आणि चाचांचा खिसा

चाचा बोलत असले की त्यांचा उजवा हात मधूनच सदऱ्याच्या खिशाकडे जायचा, खिसा चाचपायचा आणि रिकामाच परत यायचा. बोटीवर कुक होते तेव्हा कागदपत्रं तिथंच ठेवायची सवय. इथं कतारला, दुखानच्या तेलाच्या छावणीत पाऊल टाकलं त्याच दिवशी आमच्या कंत्राटदारानं सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत ठेवून घेतले. हाताला ते काही कधी कळलं नाही.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीवरचे, साहेबांच्या मेसचे स्वयंपाकी. मी साताऱ्याकडचा, स्टोअरमधला कारकून. पन्नासचं दशक संपत आलं होतं. पत्र्याच्या एका खोलीत आमच्या दोन खाटा होत्या. खिडकीतून वाळू दिसायची, मग तारेचं कुंपण, मग पुन्हा वाळू. सुट्टी दोन वर्षांनी, तीही साहेबाची मर्जी झाली तर. त्या खोलीत माझा जीव घुसमटायचा. चाचा नसते तर मी वेडा झालो असतो, हे आज सरळच सांगतो.

त्यांच्या डोक्यात जपान होतं. पूर्वी कधीतरी त्यांची बोट तिथं दुरुस्तीला लागली, तेव्हा ते डोंगरातल्या एका छोट्या गाडीत बसले होते. "भाऊ, आपला कोकणच रे तो. तसाच भात, तशीच कौलां, तशीच माणसां गुडघाभर चिखलात. फक्त मधून गाडी जाते." आमच्या चाचीनं जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. मुंबईला जायचं तर बोटीनं. त्या गाडीच्या खिडकीशी चाची आणि मुलगी बानू यांना बसवायचं, तेही बानूचा निकाह होऊन ती सासरी जायच्या आत, एवढंच या माणसाला आयुष्याकडून हवं होतं. पैसे साठले होते. अडून बसला होता तो पासपोर्ट; सुट्टी मंजूर झाल्याशिवाय तो हातात पडत नसे.

शुक्रवारी नमाज पढून आले की चाचा दोन्ही खाटा समोरासमोर ओढायचे. मला खिडकीशी बसवायचे, हातात डबा द्यायचे. तिकडे स्टेशनावर लाकडी डब्यातून जेवण मिळतं म्हणे. आमच्या डब्यात भात, तळलेला हमूर मासा आणि आंब्याचं लोणचं असायचं. "आत्ता नाय उघडायचा. बोगदा जाऊंदे." घामानं निथळत, भुकेनं कळवळत मी तो बोगदा पार करायचो. खिडकीबाहेर कुंपण असायचं आणि चाचा मला नदी दाखवायचे.

सुट्टी मिळत नव्हती, कारण चाचांच्या हाताला चव होती. त्यांच्या कटलेटवाचून साहेबाचं पान हलत नसे. अर्ज केला की खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, पुढच्या वर्षी. चाचा म्हणायचे, "इन्शाल्ला." शेवटी मीच त्यांना अक्कल शिकवली की मुद्दाम वाईट रांधा. त्यांनी सूप खारट केलं, कटलेट करपवली. तीन दिवसांत साहेबानं डॉक्टर पाठवला, चाचांना बरं नाही की काय म्हणून. चौथ्या दिवशी चाचांनी फक्कड बिर्याणी केली. म्हणाले, "खलास. माझ्याच्यानं नाय होत. अन्न वाईट करून ताटात वाढायचां म्हणजे पाप वाटतां."

मुलाकडच्यांनी वाट पाहिली, मग तारीख धरली. बानूचा निकाह झाला त्या दुपारी चाचांनी साहेबांसाठी कटलेट तळली. नेहमीसारखीच उत्तम. त्या शुक्रवारी त्यांनी खाटा ओढल्या नाहीत. मी ओढल्या, डबा मांडला, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गाडी चुकली रे."

आणि मग सुटका झाली ती कशानं? साहेबाची बदली झाली आणि नवा साहेब आला तो पोटात अल्सर घेऊन. दूध-पाव खाणारा माणूस. त्याला चाचांचा उपयोगच नव्हता. पासपोर्ट हातात पडला तेव्हा चाचांनी तो खिशात घातला, काढला, परत घातला. जाताना मला जेवणाचा डबा दिला. माझ्या समोरची खाट मात्र पुढे बरेच महिने रिकामी राहिली आणि मी तिच्याकडे पाठ करून झोपत असे.

काही वर्षांनी सुट्टीत मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. चाचा थकले होते. ते आणि चाची जपानला जाऊन आले होते, तीच गाडी, तेच डोंगर. चाचा माडांना पाणी लावायला गेले तशी मी चाचीला विचारलं, "कसं होतं हो बाहेर? नदी दिसली?"

"सुरवातीला मी भायेर बगलाच नाय, भाऊ," ती घावन उलथत म्हणाली. "हे म्हणायचे, बग बग. मी ह्यांनाच बगत होते. स्टेशन आला की ह्यांचा हात खिशाकडे. पासपोर्ट हाय ना. गाडी सुटली की परत हात. पोलीस दिसला की परत. मग एक मोठा बोगदा आला. त्याच्यापुढचा स्टेशन आला, गेला, आणि ह्यांचा हात आपला मांडीवरच."

तिनं घावन माझ्या ताटात वाढला.

"मग मी भायेर बगला."