मरियामातेने वगळलेलं घर

बायांनो, जरा इकडे सरका. लांब बसून ऐकण्यासारखी ही हकिगत नाही. आणि संत्र्याच्या बर्फीचं आधी विचारू नका, आणलेली नाही. डोक्यात राग घेऊन निघालेल्या बाईला बाजार सुचत नाही. शिवाय तुमच्यावरही मी थोडी रागावलेलीच आहे. ‘पोरांपायी प्रार्थना होत नाही, देव रुसला असेल,’ असं माझ्या ओट्यावर बसून तुम्हीच म्हणता ना? कोणी सांगितलं गं तुम्हाला? ऐका आता.

मनमाडला गाडीत बसले ती सकाळी नागपुरात उतरले. ऑक्टोबर असून ऊन असं, की फलाटावरच पदर ओला. ऑटोवाल्याने माझी पिशवी उचलली आणि कण्हला.

“मावशी, गोटे भरले का वं याच्यात?”

“बाजरी आहे रे, भाचीसाठी.”

“बाप रे! नागपुरात दाणे भेटून नाही राहिले का?”

मनीषनगर येईपर्यंत तो हसत होता. मीही हसले. पुढे चार दिवसांत तेवढंच हसले म्हणा.

भाची म्हणजे रोझलीन, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नवऱ्याची नोकरी फिरतीची. मुलगा जोएल सहा वर्षांचा, पण बोलत नाही. आनंद झाला तरी ओरडतो, भ्यायला तरी ओरडतो. त्याला धंतोलीत उपचारांना न्यायचं, परत आणायचं, भरवायचं, धुवायचं, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. मी गेल्या गेल्या तिने सांबारवडी तळली (सांबार म्हणजे तिकडे आपली कोथिंबीर). वडी खुसखुशीत होती. तळणारीचा चेहरा मात्र उतरलेला.

आपल्याकडे ऑक्टोबरात जपमाळ चर्चमध्ये होते. तिथे मरियामातेची मूर्ती घरोघरी जाते. रोज संध्याकाळी बायका मूर्ती घेऊन कालच्या घरून आजच्या घरी चालत जातात, तिथे जपमाळ म्हणतात आणि मूर्ती रात्रभर त्या घरात राहते. ज्या घरी ती उतरते त्या घरची बाई दोन दिवस आधीपासून पडदे धुते. मला फार आवडलं ते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्याच बंगल्यात जपमाळ होती. रोझलीन म्हणाली, “तुम्ही जा मावशी, मी जोएलजवळ थांबते.” मी गेले. प्रार्थना संपल्यावर महिलामंडळाच्या प्रमुख लिलीबाईंना विचारलं, “उद्या आमच्या रोझलीनकडे ना?”

“नाही वं बाई. उद्या तिच्या पलीकडच्या घरी.”

“मधलं घर काहून सोडलं?” मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

“तिले त्रास नको म्हणून. पोरगं चिल्लावते, कोणाले ध्यान नाही लागत. अन् मूर्ती पाडली म्हणजे? दरसाल असंच करतो आम्ही. तिच्याच सोयीसाठी.”

सोय! मला त्या शब्दाने जे पेटवलं ते अजून विझलेलं नाही. “लिलीबाई,” मी म्हटलं, “ही माय गोठ्यात बाळंत झाली. जनावरं हंबरत होती तिथे. तिला तुमच्या फरशीची आणि शांततेची सवय कधी लागली?”

घरी येऊन रोझलीनला सांगितलं, तर ती माझ्याकडे न बघताच भांडी घासत राहिली. “बरोबरच आहे त्यांचं. माझ्याच्याने एक जपमाळ पुरी होत नाही, मावशी. चर्चमध्ये मिस्सा चालते तेव्हा मी बाहेर झाडाखाली बसते याला घेऊन. माताच हे घर टाळते, असं वाटते मले.”

बायांनो, लिलीबाईंवर रागावले होते त्याच्या दुप्पट मी इथे रागावले. लोकांनी दार चुकवलं आणि हिने ते स्वर्गातून आलेलं उत्तर समजून घेतलं! “पोराचं तोंड पुसतेस, घास भरवतेस, रात्री त्याला छातीशी धरून बसतेस,” मी म्हटलं, “मरियेने नाझरेथला दुसरं काय केलं गं?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रोझलीनच्या फाटकासमोर रस्त्यात उभी राहिले. बायका गात आल्या. मी हलले नाही. “आज इथे,” म्हटलं. गाणं अर्ध्यावर थांबलं. लिलीबाई म्हणाल्या, “पाव्हण्या बाईनं असं करू नये.” शेवटी मूर्ती धरलेली बाईच आत वळली.

मागून रोझलीन माझ्या कानाशी येऊन जळजळीत बोलली, “तुम्ही परवा जाल. मले इथंच राहायचं आहे यांच्यात.” तिचं म्हणणं खरं होतं. आजही खरं आहे.

जोएल शांत झाला असेल, असं वाटलं ना तुम्हाला? अजिबात नाही. पहिल्या ‘नमो मरिये’पासून ओरडला. मेणबत्ती विझवली, झेंडूची फुलं चावून थुंकली. आम्ही आवाज चढवला, त्याने त्याहून चढवला. चौथं रहस्य, म्हणजे माळेचे चौथे दहा मणी, रोझलीनने त्याला मांडीत आवळून म्हटलं. त्याच्या ओरडण्यात तिचे मणी चुकले. दहा कधीच होऊन गेले, तरी ती म्हणतच राहिली. डोळे मिटलेले, आवाज घोगरा. कोणी थांबवलं नाही. लिलीबाईंनीही नाही. पण रोझलीनने पुढे केलेल्या वडीला हात न लावता त्या निघून गेल्या, हेही सांगते.

पुढच्या संध्याकाळी मूर्ती न्यायला बायका आल्या. एकीने हात पुढे केले. रोझलीन म्हणाली, “राहू द्या, मीच नेते.” एका हाताने मूर्ती छातीशी, दुसऱ्या हाताला धरलेला ओरडणारा जोएल, अशी ती पलीकडच्या घराच्या पायऱ्या चढली. आणि बाहेर थांबली नाही. आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धरली.

घरी आले तरी तो राग मी सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. आया दमून जातात याचा नाही. दमलेल्या आईला देवाच्या दारातून सोयीसाठी बाहेर बसवतात, याचा. तेव्हा या गं लवकर माझ्याकडे, याच आठवड्यात या. जपमाळ म्हणू. पोरं शेजारणीकडे ठेवून येऊ नका. आणि ज्यांची ओरडतात, त्यांनी सगळ्यांच्या आधी या.